लेकरं खडाखडा वाचतेत पण कळत नाही? मग असं करून बघा

तिसरी-चौथीतली बरीच लेकरं धडा खडाखडा वाचतेत अन काय वाचलं विचारलं की छताकडं बघतेत. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान 2021 ला आलं, 2026-27 पर्यंत तिसरीच्या लेकराला समजून वाचता यावं असं ठरलंय, ते ठीकच, पण वर्गात रोज करायचं काय ते सांगतो.

आधी एकेकाला जवळ बसवून वाचून घ्या. अक्षरं येतेत का, मग शब्द, मग छोटा उतारा, मग गोष्ट, जिथं अडकलं तिथून सुरू. वाचनाच्या तासाला गट पाडताना इयत्ता बघूच नका, चौथीचं लेकरू शब्दावर अडकलं असंल तर ते दुसरीच्या लेकरांसोबत बसू द्या, फक्त त्याला 'ढ' म्हणू नका अन दुसऱ्यालाबी म्हणू देऊ नका.

आता खरं काम म्हणजे प्रश्न. समजा फळ्यावर लिहिलं, 'टँकरचा हॉर्न वाजला अन आजी भाकर तव्यावरच सोडून पळाली.' कोण पळालं असं विचारलं तर सगळा वर्ग 'आजी' म्हणून ओरडतो, त्यात कळलं का नाही ते समजतच नाही. त्यापेक्षा विचारा, आजी कामून पळाली? ते वाक्यात कुठंच नाही, पण आपल्या लेकरांला उन्हाळा माहितंय, कुणी म्हणंल नंबर मागं जाईल म्हणून, कुणी म्हणंल टँकर लवकर संपतो सर. मग विचारा भाकरीचं काय झालं असंल. उत्तर आलं की लगेच 'बरोबर' म्हणू नका, 'तुला कशावरनं वाटलं?' एवढंच विचारा अन जरा गप बसा. ते गप बसणंच लई अवघड जातं आपल्याला.

बीडकडची ऊसतोडीला गेलेली लेकरं परत आली की त्यांला मागं पडलेली समजून बाराखडी गिरवायला लावू नका. मोळी कशी बांधतेत, कोपीत, म्हणजे तिथल्या झोपडीत, काय काय असतं ते त्यांला सांगू द्या, तुम्ही त्यांच्याच शब्दात लिहून घ्या अन तेच त्यांला वाचायला द्या. स्वतःचं बोलणं असल्यामुळं पुढचा शब्द त्यांला अंदाजानं येतो, मग अक्षरांकडं नीट बघतेत. बंजारा तांड्यावरचं लेकरू आईला 'याडी' म्हणत असंल तर तसंच लिहा, 'आई' शेजारी येईलच.

अन हे एकट्यानं रेटायचं काम नाही. शेजारच्या शाळेतल्या सरांला किंवा मॅडमला तासाला बोलवा, पण त्यांनी तुमच्याकडं नाही, मागच्या चार लेकरांकडं बघायचं, कोण कधी गप झालं तेवढं टिपायचं. पुढच्या वेळी तुम्ही त्यांच्याकडं जा. आपल्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत माहितीचे तक्ते भरण्यातच दिवस जातो, तरी अर्धा तास मागून घ्या अन अडकलेल्या दोन-तीन लेकरांच्या वह्या मधी ठेवा, नाव झाकून. 'घरी लक्षच देत नाहीत' हे वाक्य त्या अर्ध्या तासापुरतं बंद. वहीत काय दिसतंय अन सोमवारी काय करायचं तेवढंच बोला. व्हॉट्सअप ग्रुपवर अडखळणाऱ्या लेकराचा व्हिडिओ टाकू नका हो, प्रश्न टाका.

गोष्टीची पुस्तकं फाटतेत म्हणून कपाटाला कुलूप असंल तर ते काढा, वर्गात खिडकीला दोरी बांधून पुस्तकं लटकवा, अन डिंकाची बाटली शेजारीच ठेवा.