कृष्णवर्णीयांचा सिनेमा एकत्र कसा पाहावा आणि त्यावर कसे बोलावे

ठाण्यात नौपाड्यातील एका दिवाणखान्यात आम्ही दहा-बारा जण महिन्यातून एकदा, शनिवारी संध्याकाळी, कृष्णवर्णीय दिग्दर्शकाने केलेला एखादा चित्रपट पाहण्यासाठी आणि त्यावर बोलण्यासाठी जमतो. असे मंडळ आपल्या सोसायटीत, वाचनालयात किंवा महाविद्यालयात सुरू करू इच्छिणारे लोक अधूनमधून विचारणा करतात, म्हणून आमची पद्धत लिहून काढत आहे. चित्रपट निवडणे हा या कामातला सोपा भाग आहे. पडद्यावर जे घडले त्याला आपल्या मतांखाली न दडपता त्यावर तासभर बोलणे अवघड आहे, आणि मंडळ फसते ते तिथेच.

आमची पहिलीच बैठक अशी फसली. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीतून पहिले वाक्य आले: "अमेरिकेत फारच वाईट आहे हो." त्यावर लगेच दुसरे आले: "मग आपल्याकडे काय वेगळं आहे?" पुढची चाळीस मिनिटे आरक्षणावर तावातावाने वाद झाला आणि पाहिलेल्या चित्रपटातल्या एकाही माणसाचे नाव कोणी घेतले नाही. ही दोन वाक्ये परस्परविरोधी वाटतात, पण दोन्हींचे काम एकच आहे: चित्रपटापासून सुटका करून घेणे. पहिले वाक्य प्रश्न सातासमुद्रापार ढकलते, दुसरे तो इतक्या घाईने घरी आणते की त्याचा मूळ चेहराच पुसला जातो. तेव्हापासून आम्ही एक नियम पाळतो. चर्चेच्या पहिल्या अर्ध्या तासात फक्त पडद्यावर दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या गोष्टींबद्दल बोलायचे. भारताचे नाव काढायचे नाही. नियम पोरकट वाटतो, पण त्याचा उपयोग होतो.

निवड करताना, चित्रपट कृष्णवर्णीयांबद्दल आहे का यापेक्षा तो कोणी केला आहे हे आधी पाहावे. १९१५ मध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ या गोऱ्या दिग्दर्शकाच्या 'द बर्थ ऑफ अ नेशन'ने कृष्णवर्णीय पुरुषांना हिंस्र आणि कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेला तारणहार म्हणून रंगवले, आणि त्याच वर्षी ती संघटना नव्याने उभी राहिली. ऑस्कर मिशो या कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा 'विदिन अवर गेट्स' १९२० मध्ये आला. झुंडीने एका कुटुंबाला फासावर देण्याचा प्रसंग त्यात आहे. शिकागोत १९१९ मध्ये वांशिक दंगल होऊन गेलेली असल्यामुळे तिथल्या सेन्सॉरने चित्रपट दाखवू देण्यास आधी खळखळ केली. हा चित्रपट अनेक दशके हरवलेला होता. स्पेनमध्ये त्याची प्रत सापडली आणि १९९३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने तो पुन्हा उभा केला. कॅमेरा कोणाच्या हातात आहे याने काय फरक पडतो हे समजावून सांगायला ही दोन उदाहरणे एवढी पुरेशी आहेत की मी त्यावर वेगळे व्याख्यान देत नाही.

सुरुवात लहान चित्रपटाने करावी. अडीच तासांच्या चित्रपटानंतर ठाण्याच्या माणसाच्या मनात चर्चा नसते, डोंबिवलीची लोकल असते. आम्ही नव्या सभासदांसाठी सेनेगलचे दिग्दर्शक उस्मान सेंबेन यांचा १९६६ चा 'ब्लॅक गर्ल' लावतो. तो साधारण तासाभराचा आहे. तो आफ्रिकेचा आहे, अमेरिकेचा नाही, आणि हा फरक आरंभीच स्पष्ट करावा, कारण कृष्णवर्णीय समाज असा एकसंध समाज जगात कुठेही नाही. गुलामीत लोटलेल्यांच्या वंशजांचा अमेरिकेतला अनुभव आणि १९६० मध्ये फ्रेंच सत्तेतून मुक्त झालेल्या सेनेगलचा अनुभव यांचे धागे जुळतात, पण वस्त्र वेगळे आहे.

या चित्रपटात डकारची दिउआना एका फ्रेंच कुटुंबात मुले सांभाळण्यासाठी कामाला लागते, त्यांच्याबरोबर फ्रान्समध्ये अँटिब येथे जाते आणि तिथे धुणी, स्वयंपाक, लादी असे सगळेच काम तिच्या गळ्यात पडते. मालकांशी तिचे बोलणे बहुतेक होकारापुरतेच असते. तिचे खरे बोलणे आपल्याला फक्त तिच्या मनातून ऐकू येते. एका प्रसंगात तिच्या आईचे पत्र येते. मालक ते तिला वाचून दाखवतो आणि तिच्या वतीने उत्तर लिहायला बसतो. ती गप्प उभी राहून ते ऐकते आणि मग पत्र फाडून टाकते. चर्चेला नेमक्या या प्रसंगापासून सुरुवात करावी आणि साधे प्रश्न विचारावेत. मालक त्या क्षणी दुष्टपणे वागतो आहे का? तो तर मदत करतो आहे. मग पत्र फाडले का गेले? आमच्याकडे एका निवृत्त शिक्षिकेने, ज्यांना सगळे काकू म्हणतात, उत्तर दिले: "त्याने तिचं अक्षर नाही घेतलं, आवाज घेतला." त्यानंतर कोणाला आठ-दहा मिनिटे काही समजावून सांगावे लागले नाही.

त्याच संध्याकाळची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, जरी ती माझ्या घरची आहे. चित्रपट चालू असताना आमच्याकडे काम करणाऱ्या मावशी स्वयंपाकघरात चहा करत होत्या. बाराही पेल्यांत चहा ओतून त्यांनी स्वतःसाठी खिडकीच्या कट्ट्यावरचा स्टीलचा पेला घेतला. तो पेला गेली कित्येक वर्षे तिथेच असतो, आणि तो तिथे का असतो हे आम्ही घरात कधी बोललेलो नव्हतो. माझ्या शेजारी बसलेल्या तरुणाने ते पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि काहीच बोलला नाही. अर्ध्या तासाचा नियम संपल्यावर मी ते स्वतःच मांडले. पाहुण्याने यजमानाच्या घरातला पेला दाखवून देणे हा वेगळा प्रकार झाला असता, आणि मावशींना दिवाणखान्यात बोलावून "तुम्हाला काय वाटतं?" असे विचारणे तर त्याहून वाईट. स्वतःच्या घरातले स्वतः बोलावे, इतरांच्या घरातले काढू नये, ही शिस्त त्या दिवशी ठरली.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या बैठकीसाठी स्पाइक ली यांचा 'डू द राइट थिंग' घ्यावा. तो १९८९ चा आहे आणि दोन तासांचा असल्यामुळे लवकर सुरू करावा. चित्रपटापूर्वी दहा मिनिटे एका पानाचे टिपण वाचून दाखवावे, त्याहून जास्त नाही. टिपणात एवढे असावे: कथा ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हसंट वस्तीत एका जीवघेण्या उन्हाळी दिवशी घडते, १९८३ मध्ये न्यूयॉर्क पोलिसांच्या ताब्यात असताना मायकेल स्टुअर्ट या तरुणाचा मृत्यू ओढवला होता, १९८६ मध्ये त्याच शहरातल्या हॉवर्ड बीच भागात गोऱ्या जमावाने पाठलाग केलेला मायकेल ग्रिफिथ मोटारीखाली सापडून मेला होता, आणि चित्रपट ज्या सहा जणांच्या कुटुंबांना अर्पण केला आहे त्यांत या दोघांची कुटुंबे आहेत. ही पार्श्वभूमी नसेल तर शेवटची हाणामारी केवळ उन्हाने तापलेल्या डोक्यांची वाटते.

या चित्रपटात एक युक्ती दडलेली आहे आणि चर्चा चालवणाऱ्याने ती ओळखून ठेवावी. 'रेडिओ रहीम' या कृष्णवर्णीय तरुणाला पोलीस गळा आवळून मारतात आणि त्यानंतर मूकी हा तरुण पिझ्झाच्या दुकानाच्या काचेवर कचऱ्याचा डबा फेकतो. आमच्या मंडळात पंचवीस मिनिटे फक्त काचेवर चर्चा झाली: दुकानदाराचा काय दोष, नुकसानभरपाई कोण देणार, हिंसेने काय साधते. स्पाइक ली यांनी अनेकदा सांगितले आहे की मूकीने योग्य केले का, हा प्रश्न त्यांना गोरे प्रेक्षक विचारतात, कृष्णवर्णीय प्रेक्षक विचारत नाहीत. हे वाक्य मी मुद्दाम राखून ठेवले होते. ते सांगितल्यावर खोली शांत झाली, आणि मग एका दुकानदार सभासदाने, ज्याचे स्टेशन रोडला स्टेशनरीचे दुकान आहे, प्रामाणिकपणे म्हटले: "मला काच दिसली कारण माझी काच आहे. रहीम मला दिसला नाही." मी चर्चा चालवत असतो तेव्हा अशा वाक्यासाठी थांबतो, ते बाहेर काढण्यासाठी कोणाला कोंडीत पकडत नाही.

भिंतीवरच्या छायाचित्रांचा प्रसंगही विसरू नये. इटालियन वंशाच्या सॅलच्या दुकानात भिंतीवर सगळी इटालियन-अमेरिकन नामवंतांची चित्रे आहेत, आणि पिझ्झा खाणारी वस्ती कृष्णवर्णीय आहे. वस्तीतला बगिन आउट हा तरुण विचारतो की आमच्या माणसांचे एकही चित्र का नाही. दुकान माझे, भिंत माझी, हे सॅलचे उत्तर आहे. मालकी आणि आदर यांतले अंतर यावर तासभर बोलता येते.

शब्दांबद्दल आधीच ठरवून घ्यावे, नाहीतर ऐन चर्चेत अडखळायला होते. आम्ही 'कृष्णवर्णीय' वापरतो, कारण वृत्तपत्रांत तो रूढ आहे आणि त्यात हेटाळणी नाही. 'निग्रो' हा शब्द एके काळी अमेरिकेत अधिकृत वापरात होता. तो त्या काळातल्या पुस्तकाच्या किंवा संस्थेच्या नावात येईल तेव्हाच उच्चारावा. चित्रपटांतली एक शिवी इंग्रजी उपशीर्षकांत वारंवार येते; प्रसंग सांगताना ती पुन्हा उच्चारण्याची गरज नसते, 'ती शिवी' एवढे पुरते. 'काळा' हा आपल्याकडे रोजचा शब्द आहे, पण लग्नाच्या जाहिरातीतला 'गोरी हवी' तोच शब्द वापरणाऱ्या घरातून येतो, याचे भान असावे. अमेरिकी माध्यमांनी २०२० पासून इंग्रजीत 'ब्लॅक' या समाजनामाचे पहिले अक्षर मोठे लिहायला सुरुवात केली; देवनागरीत मोठे अक्षर नसल्यामुळे तो आदर आपल्याला शब्दनिवडीतूनच दाखवावा लागतो.

परवानगीचा मुद्दा थोडक्यात. घरात मित्रांना चित्रपट दाखवणे आणि सोसायटीच्या सभागृहात फलक लावून दाखवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यासाठी वितरकाची लेखी परवानगी घ्यावी, कारण घरगुती वर्गणीत सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क येत नाही. एव्हा ड्यूव्हर्ने यांचा 'थर्टीन्थ' हा २०१६ चा माहितीपट नेटफ्लिक्सने शैक्षणिक प्रदर्शनांसाठी काही अटींवर खुला केला होता, त्या अटी महाविद्यालयांनी जरूर पाहाव्यात. मराठी उपशीर्षके बहुधा मिळत नाहीत. इंग्रजी कच्चे असणाऱ्यांसाठी मी कथेचा सारांश आधी देतो आणि दोन-तीन ठिकाणी थांबवून भाषांतर करतो. जाणकार नाराज होतात, पण मंडळ जाणकारांसाठी नाही.

अर्ध्या तासानंतर भारताकडे वळताना अंदाजावर न बोलता कागदपत्रे हाताशी ठेवावीत, आणि मराठी माणसाकडे ती भरपूर आहेत. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले आणि कृष्णवर्णीयांना गुलामीतून सोडवणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ते अर्पण केले. डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, आणि १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. दु बोइस या अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंतांना पत्र लिहून 'नॅशनल निग्रो काँग्रेस'ने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या दलित पँथरचे नाव १९६६ मध्ये अमेरिकेतील ओकलंडमध्ये उभ्या राहिलेल्या ब्लॅक पँथर पक्षावरून घेतले होते. ही नाती सांगावीत, पण जात आणि वंश एकच आहेत असे म्हणून चर्चा मिटवू नये. वंश बहुधा दुरून दिसतो, जात बहुधा आडनाव विचारून शोधली जाते, आणि हा फरक चर्चेतच खणून काढण्याजोगा आहे. या टप्प्यावर सगळे जण एका दलित सभासदाकडे वळून पाहतात असे अनेकदा होते. चालवणाऱ्याने तेव्हा स्वतःच दुसऱ्याला प्रश्न विचारावा. साक्ष देणे हे कोणाचे काम नाही. नवी मुंबईत शिकणारा एखादा आफ्रिकी विद्यार्थी आला तर त्याच्याबाबतही हेच, तो चित्रपट पाहायला आलेला प्रेक्षक आहे.

एखाद्या महिन्यात काही न घडणारा चित्रपटही लावावा. चार्ल्स बर्नेट यांचा 'किलर ऑफ शीप' लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात सत्तरच्या दशकात विद्यार्थी असताना केलेला आहे, आणि त्यातल्या गाण्यांच्या हक्कांमुळे तो २००७ पर्यंत चित्रपटगृहांत नीट प्रदर्शित होऊ शकला नाही. कत्तलखान्यात राबणारा स्टॅन मित्राबरोबर खूप कष्टाने एक जुने मोटारीचे इंजिन विकत आणतो, दोघे ते ट्रकच्या मागे ठेवतात, गाडी निघते, इंजिन रस्त्यावर पडून फुटते. दोघे ते तिथेच सोडून निघून जातात. पोलीस नाहीत, भाषण नाही. कृष्णवर्णीयांच्या जगण्यात केवळ अत्याचार असतो असे वाटायला लागलेल्या मंडळाला या चित्रपटाने भानावर आणले.

शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाकडून उत्तर न मिळालेला एक प्रश्न वहीत लिहून घ्यावा आणि पुढच्या बैठकीत तो वाचून सुरुवात करावी. आमच्या वहीत सध्या सगळ्यात वर मावशींच्या हस्ताक्षरातला प्रश्न आहे. 'ब्लॅक गर्ल' त्यांनी नंतर एका दुपारी एकटीने पाहिला. त्यांनी लिहिले आहे: "दिउआनाचे पगाराचे पैसे शेवटी कोणी मोजले?"