कूलंट बदलताना हवा अडकली, तर मेहनत वाया

सपाट रस्त्यावर गाडी व्यवस्थित चालते आणि खंबाटकी घाट चढताना टेंपरेचरचा काटा वर सरकतो. अशा वेळी आधी तीन गोष्टी तपासा: जुनं कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव), रेडिएटरच्या (कूलंट वाऱ्याने गार करणाऱ्या भागाच्या) कॅपचं रबर आणि रेडिएटरच्या बाहेरून मातीने चोंदलेल्या जाळ्या.

इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय कॅपला हात लावू नका. दाबाखालचं कूलंट 100 अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. कॅप उघडून दाब सुटला की उकळून थेट अंगावर उडतं.

कोणतं कूलंट हे मॅन्युअलवरून ठरवा, रंगावरून नाही. हिरवा, लाल, निळा रंग कंपनी आपल्या मर्जीने घालते. दोन न जुळणारे प्रकार एकत्र झाले तर गाळ धरतो किंवा गंजरोधक घटक निकामी होतात. बोअरचं पाणी तर नकोच, त्यातले क्षार रेडिएटरच्या नळ्यांत थर धरतात.

खाली ट्रे ठेवून रेडिएटरचा ड्रेन कॉक (कूलंट सोडायची तोटी) सोडा; तो नसेल तर खालच्या होजची (रबरी नळीची) क्लिप काढा. मग डिस्टिल्ड पाणी भरा, हीटर पूर्ण गरमवर ठेवून इंजिन चालवा, गार झाल्यावर पुन्हा सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच. यात एक मेख आहे: इंजिन ब्लॉकमध्ये थोडं पाणी राहतंच. त्यावर रेडीमिक्स (आधीच पाणी मिसळलेलं कूलंट) ओतलं तर ते पातळ होतं. म्हणून असं धुऊन काढल्यावर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) वापरा. एकूण 4 लिटर मावत असेल तर आधी 2 लिटर कॉन्सन्ट्रेट, मग उरलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा.

आता हवा काढायची. गाडीचं नाक चढावर ठेवून हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. हळू ओता, वरचा होज हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) असेल तर अखंड धार येईपर्यंत उघडा ठेवा. पातळी खाली जाणं थांबलं की कॅप लावून रेडिएटरचा फॅन दोनदा चालू-बंद होईपर्यंत इंजिन चालवा. वरचा होज चटका देतोय आणि खालचा गारच असेल, तर हवा अडकली आहे किंवा थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरकडे वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडत नाही. हीटरमधून गार वारा आला तरी संशय हवेवरच. दुसऱ्या दिवशी गार इंजिनवर कूलंटच्या टाकीतली पातळी मिन-मॅक्सच्या मध्ये आणा.

कॅप बदलताना तिच्यावरचा दाबाचा आकडा, उदाहरणार्थ 0.9 किंवा 1.1, जुळवून घ्या. गार झाल्यावर होज चपटा होत असेल तर कॅपचा उलटा व्हॉल्व्ह (टाकीतलं कूलंट परत आत येऊ देणारा) अडकला आहे.

जाळ्या धुताना साधा पाइप वापरा, जमेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर. सर्व्हिस सेंटरचा जेट जवळून मारला की पातळ पत्रे वाकतात आणि वारा अडतो.

थेंब दिसत नाही, तरी पातळी उतरते? वॉटर पंपाखाली वाळलेला डाग बघा. तो नसेल आणि गरम इंजिनवरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत असेल, तर हेड गॅसकेट (इंजिन ब्लॉक आणि हेडमधलं सील) गेलं समजा. गाडी पुढे चालवू नका, टो करून न्या. काढलेलं कूलंट गटारात ओतू नका, ते कुत्र्या-मांजरांना गोड लागतं आणि विषारी असतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून गॅरेजला द्या.