बासगोचा किल्ला सावकाश पाहावा
वर्षानुवर्षे मनात घोळणारी लडाखची सहल अखेर जुळून आली असेल, तर लेहपासून सुमारे ४० किलोमीटरवर असलेल्या बासगोला धावती भेट देऊ नये. लेहला पोहोचल्यावर निदान दोन दिवस विश्रांती घ्यावी आणि मगच हा चढ चढावा. ज्या मातीच्या भिंतींनी १७व्या शतकात तिबेटी-मंगोल फौजेचा दीर्घ वेढा सोसला, त्या आज हात लागला तरी भुरभुरतात. म्हणून फोटोसाठीसुद्धा कृपया त्यांवर चढू नये. किल्ल्यातील मैत्रेयाच्या, म्हणजे भावी बुद्धाच्या, मंदिराला कुलूप दिसले, तरी परत न फिरता किल्लीसाठी जवळपास चौकशी करावी. आत गेल्यावर फ्लॅश न वापरता अंधाराला डोळे सरावेपर्यंत शांत उभे राहावे. मग त्या उंच मूर्तीचा चेहरा आणि भिंतींवरची १६व्या शतकातील चित्रे हळूहळू दिसू लागतात.