फ्रेम लावताना या चुका टाळा

कॅमेरा कोणताही असो, नवशिक्यांच्या चुका ठरलेल्या असतात. त्यातली सगळ्यात महागात पडणारी म्हणजे एकाच जागी उभं राहून अख्खा कार्यक्रम काढणं.

एका निवृत्ती समारंभाचे फोटो माझ्याकडे अल्बम लावायला आले होते. काढणाऱ्या मुलाचा फोकस चोख, उजेडही नीट सांभाळलेला. पण शेकडो फोटो आणि सगळेच्या सगळे मिड शॉट! डोक्यापासून कमरेपर्यंत माणसं, पानामागून पान. हॉल खच्चून भरला होता म्हणे, पण तो भरलेला हॉल एकाही फोटोत नाही. भाषणाचा कागद धरलेला बाबांचा हात थरथरत होता, असं त्यांची मुलगी सांगत होती. तोही कुठे नाही. अल्बम मी लावला, पण तो समारंभ काही पुन्हा होणार नव्हता. मला आजही त्याचं वाईट वाटतं.

म्हणून पोचल्या पोचल्या मी आधी लाँग शॉट घेतो: जागा, गर्दी, स्टेज, सगळं एका फ्रेममध्ये. मग मिड शॉट, मग चेहऱ्यांचे आणि हातांचे क्लोज-अप. हे तिन्ही पदरात पडल्याशिवाय मनाजोगत्या फोटोंच्या मागे लागत नाही.

‘नंतर क्रॉप करू’ हे मला अजिबात पटत नाही. १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी-रुंदी निम्मी केली की हातात ३ मेगापिक्सेल उरतात. आणि लांबून काढलेला फोटो कितीही कापला तरी जवळ गेल्यावर दिसतं ते त्यात येत नाही. चार पावलं चाला.

चेहऱ्याच्या बाबतीत मात्र उलटं. मोबाइलचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २८ मिमीच्या वाइड, म्हणजे रुंद दृश्य घेणाऱ्या, लेन्सइतकं दृश्य पकडतो. चेहरा त्यात मावावा म्हणून अगदी जवळ गेलात की नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. दोष लेन्सपेक्षा अंतराचा आहे. मागे सरका, मोबाइलला वेगळी टेलिफोटो (लांबचं जवळ आणणारी) लेन्स असेल तर ती वापरा.

दुसरी माझ्या डोक्यात जाणारी चूक: माणसाच्या डोक्यातून उगवलेला खांब. काढणाऱ्याचं सगळं लक्ष हसण्याकडे असतं, मागे काय आहे ते घरी गेल्यावर दिसतं. बटण दाबण्याआधी मी फ्रेमच्या चारही कडांवरून नजर फिरवतो, मग डोक्यामागे बघतो. खांब दिसला तर एक पाऊल बाजूला, किंवा थोडं खाली वाकायचं. बस, एवढंच. पण घाई असलेली मंडळी जागची न हलता वीस फोटो काढतात आणि वीसही फोटोंत खांब तिथेच असतो.

बाकीच्या चुकांना फार शब्द लागत नाहीत. गुडघा, घोटा, मनगट अशा सांध्यांवर फ्रेम कापू नका. मांडीच्या मध्यावर किंवा छातीवर कापा. क्षितिज तिरकं येतं? ग्रिड, म्हणजे फ्रेमचे आडवे-उभे तीन-तीन भाग करणाऱ्या स्क्रीनवरच्या रेषा, चालू करा आणि ती कायम चालूच ठेवा. डोक्यावर अर्धी फ्रेम रिकामी राहत असेल तर कॅमेरा खाली घ्या, डोळे वरच्या तिसऱ्या भागाच्या रेषेजवळ आणा. माणूस डावीकडे बघत असेल तर मोकळी जागा डावीकडे सोडा. लहान मुलांचे फोटो उभ्याने काढू नका, गुडघे टेकून त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर या.