इंदूरच्या माहेरातून संरक्षणाचा अर्ज कसा करावा

पुण्याला किंवा नागपूरला सासर असलेली आणि छळामुळे इंदूरला माहेरी परतलेली स्त्री, सासरच्याच गावच्या न्यायालयात खेटे घालावे लागतील या भीतीने अनेकदा गप्प राहते. ही भीती निराधार आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम २७ नुसार ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही अर्ज करता येतो. म्हणून माहेरच्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवावा.

सल्ल्यासाठी १८१ या महिला हेल्पलाइनवर आणि जीव धोक्यात असल्यास ११२ वर फोन करावा. त्यानंतर संरक्षण अधिकाऱ्यांकडून (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेले अधिकारी) घटनेचा अहवाल तयार करून घ्यावा. केवळ मारहाणच नव्हे, तर अपमान, धमक्या, घरखर्च अडवणे, स्त्रीधन दाबून ठेवणे हेही कायद्याने हिंसाचारच आहे. प्रत्येक प्रसंग तारखेसह लिहावा आणि दवाखान्याचे कागद जपावेत. इंदूरच्या न्यायालयात काम मुख्यतः हिंदीत चालत असल्याने मराठी पत्रांचा व संदेशांचा हिंदी अनुवाद जोडलेला बरा.

अर्जात संरक्षण, निवास, खर्च, मुलांचा ताबा आणि भरपाई यांपैकी काय हवे ते स्पष्ट लिहावे, आणि अंतरिम (निकालापर्यंतच्या तात्पुरत्या) आदेशाची मागणी मुळीच विसरू नये, कारण अंतिम निकाल ६० दिवसांत द्यावा असे कायदा म्हणत असला तरी प्रत्यक्षात विलंब होतो. संरक्षण आदेश मोडणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वकिलाच्या खर्चासाठी थांबू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मिळतो.