पिल्लाचं घरात शू करणं असं थांबलं

आमचं कुत्र्याचं पिल्लू बाहेर फिरून यायचं आणि आत शिरल्याशिरल्या पायपुसण्यावर शू करायचं. खरी मेख वासात होती. साबणाने पुसलं की आपल्याला वास येत नाही, त्याला येतो. अमोनियावालं क्लीनर तर त्याला लघवीसारखंच वाटतं. मग एन्झाइमचं (वासाचं मूळच तोडणारं) क्लीनर डागावर ओतून मुरू दिलं, पायपुसणं सरळ फेकलं. झोपून उठलं, खाल्लं, खेळून झालं की लगेच बाहेर, दर वेळी एकाच कोपऱ्यात. शू झाल्याझाल्या तिथेच खाऊ. घरी येऊन दिला तर कशाबद्दल ते त्याला कळत नाही. ओरडणं बंद, नाहीतर सोफ्यामागे लपून उरकतं. रात्री त्याला बाहेर न्यायला लावलेला गजर मात्र चुकला नाही (झोपेचं खोबरं!). शिकलेला कुत्रा अचानक घरात करू लागला, तर आधी डॉक्टरांना दाखवा. मूत्रमार्गाचा संसर्ग असू शकतो.