दमा-ॲलर्जीत सुजेची औषधं : या चुका टाळा

राजवाड्याजवळच्या आमच्या मेडिकलवर मी बावीस वर्षं बसते. "ताई, सूज उतरायची एखादी गोळी द्या" म्हणत कुणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला : दमा आहे का? नाकात मांस वाढलंय का? गुडघा धरून आलेला माणूस वैतागतो. वैतागू दे.

एका अनंत चतुर्दशीला आमचे जुने गिऱ्हाईक असलेले एक काका रात्रभर मिरवणुकीतल्या झांक्या (सजवलेले देखावे) बघत उभे होते. दमा, नाकात पॉलिप (तेच वाढलेलं मांस), वास येणं कधीच बंद झालेलं. पहाटे गुडघे भरून आले तेव्हा शेजाऱ्याने खिशातली एक गोळी दिली. पाऊण तासात नाक गळायला लागलं, चेहरा लाल झाला, छातीत शिट्ट्या वाजू लागल्या. मी शटर उघडत होते तेवढ्यात मुलगा पळत आला. मुठीत पट्टीचा कापलेला तुकडा, त्यावर नावाची शेवटची दोन अक्षरं : 'नॅक'. डायक्लोफेनॅक. काका वाचले. पण तेव्हापासून सुटी गोळी दिली की तिचं पूर्ण नाव पुडीवर लिहिल्याशिवाय मी ती हातात ठेवत नाही.

झालं काय, ते समजून घ्या. डायक्लोफेनॅकसारख्या ॲस्पिरिनच्या जातीच्या गोळ्या प्रोस्टाग्लँडिनं, म्हणजे दुखणं-सूज आणणारी शरीरातली रसायनं, बनणं अडवतात, हे जॉन वेन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं. दुखणं थांबतं ते त्यामुळेच. पण त्यातलं ई-टू हे प्रोस्टाग्लँडिन मास्ट पेशींना, म्हणजे ॲलर्जीची रसायनं सोडणाऱ्या पेशींना, आवरून धरत असतं. काही दमेकऱ्यांत हा लगाम आधीच सैल असतो. गोळीने तो सुटला की ल्युकोट्रायीनं नावाची रसायनं भराभर तयार होतात आणि श्वासनळ्या आवळतात. म्हणून "ही सोसत नाही, आयबुप्रोफेन द्या" याला अर्थ नाही. ती त्याच वाटेने जाते. सगळ्या दमेकऱ्यांना असं होत नाही, पण पॉलिप असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेनकिलर घेऊच नका. या गोळ्या चालत नाहीत, अशी मी लाल पेनाने लिहिलेली चिठ्ठी काकांच्या पाकिटात आहे. तुमच्याही पाकिटात असू द्या.

दुसरी चूक रोजची. नाकात मारायचा स्टेरॉइड स्प्रे तिसऱ्या दिवशी परत आणतात : "काही फरक नाही." अहो, पडणार कसा? स्टेरॉइड पेशीत शिरतं, तिथल्या रिसेप्टरला (औषध पकडणाऱ्या प्रथिनाला) चिकटून केंद्रकात जातं आणि आयएल-४, आयएल-५, आयएल-१३ हे ॲलर्जीची सूज वाढवणारे निरोप बनवायचे हुकूम तिथे दाबतं. आयएल-५ मिळेनासं झालं की त्यावर जगणाऱ्या इओसिनोफिल या सूज आणणाऱ्या पेशी हळूहळू मरतात. पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागतात. घाई असलेली मंडळी मग नाक मोकळं करणारे थेंब मागतात. पाच मिनिटांत बरं वाटतं, आणि आठवडाभर चालू ठेवले की त्याच थेंबांनी नाक जास्त चोंदतं. या शॉर्टकटने किती नाकं बिघडलेली पाहिली आहेत!

स्प्रे मारायची रीतही शिका. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, टोक डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर मारला की रक्त येतं. रिकामी बाटली देऊन मी काउंटरवरच करून घेते.

बाकी थोडक्यात. सेटिरिझिन हे ॲलर्जीचं औषध फक्त हिस्टामाइन या खाज-शिंका आणणाऱ्या रसायनाची एक जागा अडवतं, मास्ट पेशी थांबवत नाही. दम्याच्या पंपाऐवजी ते चालणार नाही. त्वचेवरची ॲलर्जी टेस्ट ठरली असेल तर ते किती दिवस आधी बंद करायचं हे विचारून घ्या, नाहीतर टेस्ट खोटी निघते. माँटेलुकास्ट (ल्युकोट्रायीनं अडवणारं दमा-ॲलर्जीचं औषध) चालू असताना मूल चिडचिडं झालं, रात्री दचकू लागलं, तर लगेच डॉक्टरांना सांगा. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला आहे. स्टेरॉइडच्या गोळ्या बरेच दिवस घेतल्या असतील तर मनाने एकदम सोडू नका. आणि स्टेरॉइडचा पंप ओढला की चूळ भरून थुंका, नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.